मोरपिसाचा देठ

मोरपीस हातात आलं की सगळे डोळा पाहतात. मधला गडद निळा ठिपका, त्याभोवती निळं-हिरवं कडं, मग तांबूस वलय आणि सोनेरी-हिरवी झालर. मी गेली सात-आठ वर्षं आधी देठ पाहते. म्हणजे पिसाचं ते टोक, जे कधीकाळी मोराच्या अंगात रुतलेलं होतं. ते पीस मोरानं टाकलं की मोराकडून घेतलं, हे सांगणारी एकमेव जागा तीच. आणि नागपूरच्या बाजारात मी हाताळलेल्या बहुतेक पिसांना नेमकी तीच जागा नव्हती.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले होते. आमच्या विदर्भात या सणाला घरोघरी मातीचा कान्होबा बसतो, आणि कान्होबा म्हटलं की मोरपीस आलंच. फूटपाथवर एक बाई टोपलीत शे-दीडशे पिसं उभी करून बसली होती. सगळी एका उंचीची. एकाचीही झालर विस्कटलेली नाही, एकही डोळा झिजलेला नाही. मी एक पीस उलटं करून पाहिलं. मग दुसरं, तिसरं. सगळ्यांचे देठ सरळ कापलेले.

"समोरून पाहा ना जी, मागून काय पाहून राहिले?" ती म्हणाली.

"देठ काहून कापला बाई?"

"मालच असा येते. आमी नाई कापत." मग जरा थांबून तिनंच विचारलं, "तुमाले कान्होबालेच लावाचं ना? मंग देठ कायले पायजे?"

प्रश्न रास्त होता. माझं तिच्याशी भांडण नाही. उन्हापावसात दिवसभर फूटपाथवर बसून दोन पैसे कमावणाऱ्या बाईला मोराच्या हत्येचा जाब विचारणं हा अन्याय आहे. पण तिला तिथं उभ्या उभ्या जे उत्तर देता आलं नाही, ते नीट द्यायला हवं, आणि ते तिच्यापेक्षा आपल्यालाच जास्त ऐकण्याची गरज आहे.

आधी पीस गळतं कसं, ते. पिसारा म्हणजे मोराची शेपटी, असं आपण म्हणतो, पण शेपटी वेगळी असते. तिची वीसेक पिसं तपकिरी, आखूड आणि ताठ असतात. मोर नाचायला उभा राहिला की पाठीमागून पिसाऱ्याला टेकू देतात ती हीच. पिसारा म्हणतात तो शेपटीच्या मुळावर, पाठीकडून वाढलेल्या लांब पिसांचा. पूर्ण वाढीच्या नराला अशी दीडशे ते दोनशे पिसं असतात आणि त्यांतली काही दीड मीटरपर्यंत लांब जातात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत लांडोरींसमोर मिरवून झालं, विणीचा हंगाम सरत आला की त्यांचं काम संपतं. साधारण ऑगस्टपासून ती एकेक करून गळायला लागतात. पावसाळा संपेस्तोवर मोर भुंडा होतो आणि हिवाळ्यात त्याला नवी पिसं फुटतात. दरवर्षी हेच. निसर्गात इतकी मोलाची वस्तू इतक्या सहज दरसाल टाकून देणारा जीव मला तरी दुसरा आठवत नाही.

पीस आपोआप सुटतं तेव्हा त्याचा रक्तपुरवठा कधीचाच थांबलेला असतो. म्हणून देठ कोरडा, पांढुरका, टोकाशी निमुळता आणि मिटलेला असतो. नखानं दाबला तर कडक लागतो. ओढून काढलेल्या पिसाच्या देठाला कातडीचा, रक्ताचा अंश चिकटून येतो. डोळ्यांना तो दिसला नाही तरी प्रयोगशाळेत सापडू शकतो. देठच कापून टाकला की मग डोळा आणि प्रयोगशाळा दोन्ही सारखेच हतबल. पिसं एका लांबीची दिसावीत म्हणून देठ छाटतात, असं एका दुकानदारानं मला सांगितलं. तेही खरं असेल. पण सजावटीसाठी कापला काय किंवा लपवण्यासाठी कापला काय, पुरावा दोन्हीकडे सारखाच जातो.

माझं आजोळ भिवापूरकडचं, मिरचीच्या पट्ट्यातलं. श्रावण-भादव्यात आम्ही पोरं सकाळी नाल्याकाठच्या बाभळींखाली मोरपिसं शोधायला जायचो, कारण मोर रात्री त्या झाडांवर बसायचे. एका सकाळी दोन पिसं सापडली तर ती मोठी कमाई. तीही कशी? एक चिखलात रुतलेलं, दुसऱ्याच्या अर्ध्या झालरीला कीड लागलेली. काही पिसांचा डोळा झुडपांत घासून घासून विरळ झालेला असायचा, कारण मोरानं ते वर्षभर काट्याकुट्यांतून वागवलेलं असायचं. आजी त्यातलं एखादंच निवडून देव्हाऱ्यात ठेवायची, बाकीची आमच्या वह्यांत. वहीतल्या पिसाला पेन्सिलीचं टरफल खाऊ घातलं की त्याला पिल्लू होतं, ही श्रद्धा तेव्हा आमच्या वर्गातल्या प्रत्येकाची होती. आज मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गातली पोरंही तेच करतात. मी त्यांना अडवत नाही.

या अनुभवामुळे बर्डीवरची टोपली पाहून मनात हिशोब सुरू होतो. एका मोराची वर्षभराची सगळी पिसं जमली तरी ती दीडशे-दोनशे. ती महिना-दोन महिन्यांत, मैलभर झुडपात विखरून पडतात. त्यांतली कितीतरी पाऊस आणि कीड खाते. मग एका टोपलीत एकाच प्रतीची, एकाच ताजेपणाची शे-दीडशे पिसं येतात कुठून? आणि अशा टोपल्या बर्डीवर, महाल-इतवारीच्या बाजारांत, मंदिरांच्या दारात, सिग्नलवर. त्या पिसांचे हातपंखे, त्यांची तोरणं, लग्नाच्या स्टेजमागे लावलेला अख्खा पिसाऱ्याचा पडदा. काही माल गेल्या वर्षी साठवलेला असणार, काही पाळलेल्या मोरांचा, काही खरोखरच रानातून वेचलेला. सगळा माल रक्ताचा आहे, असं मी म्हणत नाही. पण कोणता रक्ताचा आणि कोणता रानातला, हे ओळखायची सोय आपण स्वतःच कापून टाकली आहे, एवढं मात्र ठामपणे म्हणते.

कायदा याबाबत काय म्हणतो, ते पाहिलं तर काळजी वाढते. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मोर मारला तर तीन ते सात वर्षं कैद. पण त्याच कायद्याच्या ४३व्या कलमात मोराच्या शेपटीच्या पिसांना आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तूंना सूट आहे. १९९९ मध्ये निर्यात बंद झाली, देशातली विक्री तशीच राहिली. 'फक्त गळालेली पिसं विकता येतात' असं सगळे सांगतात, दुकानदारही सांगतात. कलमातली सूट मात्र 'मोराच्या शेपटीचं पीस' एवढ्यावरच थांबते. गळालेलं की उपटलेलं, हा भेदच त्या ओळीत नाही. ज्या समाजानं ती सूट मागितली असेल, त्याच्या मनात गळालेलं पीसच होतं याबद्दल मला शंका नाही. वहीत पीस ठेवणाऱ्या पोराला, देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या आजीला गुन्हेगार ठरवायचं नाही, ही भावना त्यामागे असणार आणि ती योग्यच आहे. पण भावना कागदावर उतरली नाही, आणि बाजारानं कागद वाचला.

इथं कुणी म्हणेल, मग सरसकट बंदी घाला. पीस बाळगणं, विकणं, वापरणं सगळंच बंद. माझे काही पक्षीमित्र हेच म्हणतात आणि त्यांची तळमळ खरी आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी थोडं लांब जावं लागेल, कारण पिसाची थोरवी बाजूला ठेवून या प्रश्नावर बोलणं मला शक्य नाही.

नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय मिराशींसारख्या नागपूरच्या विद्वानांनी साधार मांडलं. यक्षाचा ढग या डोंगरावरून निघतो आणि निघाल्याबरोबर त्यावर इंद्रधनुष्याचा तुकडा चमकतो. तो ढग मोरपीस लावलेल्या गोपवेषातल्या विष्णूसारखा दिसेल, असं यक्ष त्याला सांगतो. पुढं देवगिरीवर कार्तिकेयाचा मोर भेटतो. त्या मोराचं पीस पार्वती लेकाच्या मायेपोटी कानावर खोवते, जिथं एरवी ती कमळाची पाकळी लावायची. त्या श्लोकात कालिदासानं पिसासाठी वापरलेलं विशेषण आहे 'गलितं'. गळालेलं. पार्वती ते उपटून घेत नाही, वेचून घेते. एवढ्या मोठ्या कवीनं तो शब्द नुसता छंद भरायला टाकला असेल, असं मला वाटत नाही. साक्षात जगन्माता असली तरी मुलाच्या मोराचं पीस तिनं पडल्यावरच घ्यायचं असतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या एका शब्दात आजच्या कायद्याला हवी असलेली अट आहे.

रामटेकलाच शांतिनाथाचं दिगंबर जैन तीर्थ आहे. तिथं मुनींचे चातुर्मास होतात, आचार्य विद्यासागरांचेही झाले. दिगंबर मुनीजवळ ज्या मोजक्या वस्तू असतात, त्यांतली एक मोरपिसांची पिच्छी. बसण्याआधी, ठेवण्याआधी, उचलण्याआधी तिनं जागा हलकेच झाडायची, मुंगीसुद्धा दुखावता कामा नये. पिच्छीला मोरपीसच का, याचीही कारणं परंपरेनं सांगितली आहेत. ते धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असतं, सुकुमार असतं, हलकं असतं. चातुर्मास संपला की पिच्छी-परिवर्तन होतं, म्हणजे जुनी पिच्छी देऊन नवी घेतात. काळही बघा कसा जुळतो. चातुर्मासातच रानात पिसं गळतात. जीव वाचवण्याचं हे साधन जीव घेऊन बनवलेल्या पिसाचं असेल तर त्याचा अर्थच उरत नाही, हे जैन समाजाला कुणी बाहेरून समजावण्याची गरज नाही.

आणि दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आजोळी गायगोधन असतं. गाई राखणारी गोवारी मंडळी ढाल काढतात. उंच बांबूला कापड गुंडाळलेलं आणि वर मोरपिसांचा तुरा. तिच्यापुढं बासरी आणि डफ, मागं सजवलेल्या गाई. लहानपणी मला ती ढाल जिवंत वाटायची, कारण वारा आला की तिचे सगळे डोळे एकदम हलायचे. गोवारी म्हटलं की नागपूरकरांना एवढंच आठवतं, की १९९४ च्या नोव्हेंबरात अधिवेशनावर आलेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. सीताबर्डीजवळच्या त्यांच्या स्मारकावरून आपण रोज जातो. पण गोवाऱ्यांची ढाल पाहिलेले शहरात किती निघतील? सरसकट बंदी आली तर पहिला हात पडेल तो या ढालीवर. लग्नाच्या स्टेजवरचा पडदा तर वकील लावून सुटेल.

वासुदेवाच्या टोपीचंही तेच. दर्ग्यात डोक्यावरून फिरणाऱ्या मोरछलाचं, म्हणजे मोरपिसांच्या झुबक्याचंही तेच. दुखलं-खुपलं की आमच्या मोहल्ल्यातल्या हिंदू बायाही ताजबागच्या दर्ग्यात जाऊन ते डोक्यावरून फिरवून घेतात, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. जैन मुनी, गोवारी, वासुदेव, मुजावर, शाळेतली पोरं: इतक्या वेगवेगळ्या माणसांच्या हातात एकच वस्तू शोभते, असं या मुलखात दुसरं काय आहे? पैठणीच्या पदरावर मोर आहे, पण पैठणी सगळ्यांची नाही. मोरपीस सगळ्यांचं आहे, कारण ते फुकट पडतं. सौंदर्य फुकट मिळू शकतं, हे गरिबाच्या पोराला पहिल्यांदा शिकवणारी वस्तू ती हीच असते. ती त्याच्याकडून काढून घेणारा कायदा मला नको.

आता त्या सौंदर्याबद्दल, कारण वर्गात हा विषय निघाला की मला थांबवत नाही. पिसात निळा रंग नाही. हिरवाही नाही. त्यात रंगद्रव्य एकच, आपल्या केसांत असतं ते तपकिरी-काळं मेलॅनिन. मग निळा येतो कुठून? पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्या जाळीतलं अंतर जरासं बदललं की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. २००३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ही अंतरं मोजली. निळ्यासाठी सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यासाठी १५०. केवळ दहा नॅनोमीटरच्या फरकानं कृष्णाच्या मुकुटावर दोन रंग उमटतात. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहून लिहून ठेवलं होतं की ते पाण्यानं भिजवलं की रंग नाहीसे होतात, म्हणजे रंग वस्तूत नाही, रचनेत आहे. माझ्या वर्गात आम्ही हे करतो. ओल्या बोटांनी तंतू चोळायचे, निळा मलूल होताना पाहायचा, मग खिडकीत वाळत ठेवायचा आणि तो परतण्याची वाट पाहायची. चाळीस पोरं एका पिसाकडे श्वास रोखून पाहतात. सी. व्ही. रामन तरुणपणी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. पुढं १९३४ मध्ये त्यांनी नीळकंठाच्या पिसांवर लिहिलं की त्यांचा निळाही रंगद्रव्याचा नाही. दसऱ्याला आपल्याकडे ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच हा नीळकंठ. हे सांगितलं की पोरांचे डोळे मोठे होतात, आपल्या शहरात राहून गेलेला माणूस म्हणून.

डार्विनला मोरपिसानं छळलं होतं. १८६० मध्ये त्यानं मित्राला पत्रात लिहिलं की मोराचं पीस पाहिलं की मला आजारी वाटतं. उडायला अडचण, पळायला अडचण, कोल्ह्याच्या तोंडी सोपा घास; असा पिसारा टिकलाच कसा? उत्तर त्याला लांडोरीत सापडलं आणि १८७१ मध्ये त्यानं ते मांडलं. पिढ्यान्‌पिढ्या लांडोरींनी निवड केली, त्या निवडीतून हा पिसारा घडला. लांडोर नेमकं काय पाहून निवडते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. डोळ्यांची संख्या, असं इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसलं, तर जपानमध्ये अनेक वर्षं निरीक्षण करूनही तसं दिसलं नाही. पण पिसारा आधी तिच्यासाठी आहे, मग आपल्यासाठी, एवढं नक्की. हंगाम संपायच्या आत जो मोर मारला जातो, त्याच्याबरोबर तिनं निवडलेला नर जातो. गळालेलं पीस मात्र तिचा हक्क संपल्यानंतर आपल्याकडे येतं. देठाचं महत्त्व मला इथंही दिसतं.

मोरांच्या हत्येचा सरकारी आदेशात उल्लेख यावा, ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजानं स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशोब दिला आहे. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता रोज दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही, आणि पुढं हे तीनही मारले जाणार नाहीत. सम्राटानं आपल्या ताटातले दोन मोर दगडावर कोरून जाहीर केले. नागभीडजवळच्या देवटेकला मिळालेल्या शिलालेखातही प्राणी पकडण्या-मारण्याला मनाई आहे, असं मिराशींनी वाचलं. म्हणजे आपल्या अगदी शेजारी. ज्या शहरात १९५६ च्या अशोक विजयादशमीला लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्या शहरात हा शिलालेख परका वाटायला नको. आकडा लपवायचा नाही, आकडा सांगायचा, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. आज नागपुरात किती पिसं विकली जातात आणि ती कुठून येतात, हे कोण सांगू शकतं?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. देठ कापलेलं मोरपीस विकायला बंदी. बाळगायला नाही, वापरायला नाही, विकायला. कायद्यातल्या त्या सवलतीला 'नैसर्गिकरीत्या गळालेलं आणि देठ शाबूत असलेलं' एवढी अट जोडायची. ते काम संसदेचं आहे आणि त्याला वेळ लागेल, हे मान्य. पण राज्याच्या वन्यजीव विभागाचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सणांच्या आधी बाजारात तपासणी करायला, संशयास्पद गठ्ठ्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायला, देठ का पाहायचा हे लोकांना सांगायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागते? आणि मंदिरांचे विश्वस्त, दर्ग्याचे व्यवस्थापक, चातुर्मास समित्या, गणपती मंडळं यांना तर कायदाही नको. 'आम्ही देठवालंच पीस घेऊ' असं या चौघांनी ठरवलं तर इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याला पुढचा हंगाम पुरे.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की उपटलेल्या पिसाचा देठही धुऊन, घासून स्वच्छ करतील. करतील काही. पण हजारो पिसांचे देठ एकेक करून घासणं आणि एका कात्रीत गठ्ठा छाटणं यांत मेहनतीचा किती फरक आहे! चोरी अवघड करणं, हेही कायद्याचंच काम आहे. शिवाय गळालेल्या पिसाचा देठ मिटलेला असतो, तो घासून तयार होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे. माझा मामेभाऊ म्हणतो, "तुले मोरपीस दिसते, मले उकरलेली तूर दिसते." खोटं नाही ते. पेरणीनंतर मोर बियाणं उकरतात, कोवळे कोंब खातात. विषारी औषध लावलेलं बियाणं खाऊन मोर मेल्याच्या बातम्या येतात, कधी ते अजाणता घडतं, कधी जाणूनबुजून. मेलेल्या मोराच्या पिसाला बाजारात तोच भाव मिळत असेल, तर विष घालणाऱ्याला आपण वरून बक्षीसच देतो. म्हणून जिवंत मोराचं पीस आणि मेलेल्या मोराचं पीस यांचा भाव वेगळा झालाच पाहिजे, आणि त्यातला वरचा भाव गावाला मिळाला पाहिजे. हे अशक्य आहे का? शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ती आपला बांबू स्वतःच्या वाहतूक-पासवर बाहेर पाठवते आहे. आपल्या मुलखात तेंदूपत्त्याचे पुडके मोजायची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पानं मोजता येतात तर पिसंही मोजता येतील. श्रावण ते अश्विन गावानं रानात पडलेली पिसं वेचावी, देठासकट गड्डी बांधावी, तिच्यावर ग्रामसभेचा शिक्का असावा. ती गड्डी गोवाऱ्याच्या ढालीला जावी, पिच्छीला जावी, कान्होबाला जावी. माझ्या मामेभावाला उकरलेल्या तुरीचा सगळा हिशोब त्यातून भरून मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण बांधावरचा मोर जिवंत राहण्यात त्याचा चार पैशांचा वाटा असेल.

असा अधिकृत मार्ग उघडला तर त्याच्या आडून चोरटा मालही जाईल, ही पक्षीमित्रांची भीती. ती मी हलक्यानं घेत नाही. पण आज मार्ग उघडाच आहे, त्याला दारच नाही. आपण निदान चौकट तरी बसवू.

परवा आजोळाहून येताना मामीनं दिलेलं एक पीस मी बर्डीवर त्या बाईला दाखवायला नेलं. मागच्या पावसाळ्यात मामीला ते विहिरीजवळ सापडलं होतं. झालर एका बाजूनं उसवलेली, पण देठ अगदी कोरा, पांढरा, सुईसारखा. बाईनं ते हातात घेतलं, उलटं केलं, अंगठ्यानं देठ दाबून पाहिला. मग टोपलीतलं एक पीस काढून दोन्ही शेजारी धरली.

"हे रानातलं हाय," ती म्हणाली. तिला न सांगता कळलं होतं. "लान असताना आमीबी येचाचो."

मी म्हटलं, "मग हेच विका ना. लोकांना आपण सांगू, देठवालंच घ्या म्हणून."

"इकीन ना जी, मले काय," ती म्हणाली आणि पीस माझ्या हातात परत दिलं. "पन मले आनून कोन देते?"